पनिशरचा ‘फ्रँकनकॅसल’ झाला त्याची गोष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मार्व्हल कॉमिक्सचा पनिशर २००९ साली मेला, तुकडे शिवून पुन्हा उभा केला गेला आणि २०१० चा बराचसा काळ राक्षस म्हणून वावरला. ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली त्याने आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. शेवटही फोडला आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी अंक वाचून मगच खाली उतरावं.

हा पनिशर म्हणजे नक्की कोण?

फ्रँक कॅसल. अमेरिकन मरीन, व्हिएतनाममध्ये लढलेला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बायको मारिया आणि मुलांना घेऊन सहलीला गेला असताना गुंडांच्या गोळीबारात सगळं कुटुंब गेलं, हा एकटा वाचला. तेव्हापासून गुन्हेगार दिसला की मारायचा, एवढंच त्याचं काम. अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. बंदुका, सैन्यातलं शिक्षण आणि छातीवर पांढरी कवटी, एवढ्यावर त्याचं चालतं.

पहिल्यांदा तो दिसला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२९ व्या अंकात. मुखपृष्ठावर फेब्रुवारी १९७४ छापलंय. पात्र लेखक जेरी कॉनवेचं, अंकाची चित्रं रॉस अँड्रूची. पण ज्या वेषामुळे तो ओळखला जातो तो जॉन रोमिता थोरल्यांच्या हातचा. कॉनवेने दिलेल्या कच्च्या चित्रात कवटी छोटीशी होती, छातीच्या एका बाजूला, खिशावर बिल्ला लावावा तशी. रोमितांनी ती पसरवून अख्खी छाती भरली. तिचे लांबलचक दात पोटावरून खाली उतरतात आणि पट्ट्यावरच्या पांढऱ्या कप्प्यांना भिडतात, म्हणजे काडतुसांचे कप्पे हीच दातांची टोकं. पन्नास वर्षं झाली तरी छातीवरची कवटी हीच त्याची ओळख.

त्याला हिरो म्हणायचं की व्हिलन?

सुरुवातीला तो स्पायडर-मॅनला मारायलाच आला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी व्हिलनच. पुढे वाचकांना आवडला, म्हणून त्याच्या वाट्याला स्वतःची मालिका आली. ‘अँटीहिरो’ हा शब्द त्याला बसतो, कारण तो ज्यांना मारतो ते मरावेत असं वाचकालाही वाटतं आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटते. मराठीत ‘प्रतिनायक’ म्हणायला जावं तर तो शब्द खलनायकासाठी आधीच अडकलेला आहे. म्हणून इथे अँटीहिरोच राहू दे.

कवटी पाहून आम्हाला वेताळ आठवतो. काही संबंध?

थेट काही नाही, पण आठवण अगदी रास्त आहे. ली फॉकचा फँटम १९३६ चा. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून तो भारतात घरोघरी पोचवला आणि मराठीत त्याचा ‘वेताळ’ झाला. त्याची कवटीची अंगठी ज्याच्या जबड्यावर बसली त्याच्या तोंडावर ती खूण कायमची. आमच्याकडे ज्यांच्या घरी इंद्रजालचे अंक पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून माळ्यावर ठेवलेले होते, त्यांना पनिशरची कवटी बघून घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. फरक इतकाच की वेताळ ठोसा मारून सोडतो. फ्रँक सोडत नाही.

तो मेला कसा?

त्यासाठी मार्व्हलचा तेव्हाचा माहोल थोडा सांगायला हवा. २००८ साली परग्रहावरच्या स्क्रलांनी केलेल्या घुसखोरीची मोठी कथा झाली. तिच्या शेवटी स्क्रलांच्या राणीला गोळी घातली नॉर्मन ऑस्बॉर्नने, म्हणजे स्पायडर-मॅनच्या जुन्या वैऱ्याने, ग्रीन गॉब्लिनने. सगळ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं आणि देशाच्या सुरक्षेच्या चाव्या याच माणसाच्या हाती गेल्या. या पर्वाचं नाव ‘डार्क रेन’. चोर कोतवाल झाला तर काय होईल, त्याची वर्षभर चाललेली गोष्ट.

लेखक रिक रेमेंडरने पनिशरची नवी मालिका इथूनच सुरू केली. पहिल्याच अंकात फ्रँक दुरून नेम धरून ऑस्बॉर्नवर गोळी झाडतो. ती सेंट्री नावाच्या अफाट ताकदीच्या माणसामुळे वाया जाते. मग ऑस्बॉर्न आपल्याला नको असलेल्यांची एक यादी करतो. ‘द लिस्ट’ नावाने त्यावर स्वतंत्र अंक निघाले आणि त्यातला एक फ्रँकच्या वाट्याला आला. त्याच्यावर सोडला जातो डाकेन, म्हणजे एक्स-मेनमधल्या नख्यावाल्या वोल्व्हरिनचा मुलगा. दोन नख्या मुठीवरून निघणाऱ्या आणि एक मनगटाखालून, असा त्याचा थाट. लढाई बरोबरीची नाहीच. फ्रँक जिद्दीने टिकतो, पण शेवटी डाकेन त्याचे अक्षरशः तुकडे करतो. हात, मग मुंडकं. उरलंसुरलं खाली ढकलून देतो. स्वप्न नाही, बहुरूपी नाही, खरंच मेला.

आता यातली गंमत बघा. या अंकाची चित्रं जॉन रोमिता धाकट्याची आहेत. १९७४ साली बापाने जी कवटी छातीवर चढवली, ती छाती २००९ साली मुलाने कापून दाखवली. हे कुणी ठरवून केलं असेल की काम वाटताना सहज जुळून आलं असेल, मला दोन्ही आवडेल.

मग त्याला जोडलं कुणी?

मॉर्बियसने. फ्रँकचे तुकडे जमिनीखाली राहणारे मोलॉइड गोळा करतात आणि मॅनहॅटनच्या पोटात वसलेल्या मॉन्स्टर मेट्रोपोलिस नावाच्या वस्तीत नेतात. वरच्या जगात ज्यांना जागा नाही अशी सगळी चित्रविचित्र जमात तिथे लपून राहते. मायकेल मॉर्बियस हा नोबेल मिळालेला जीवरसायनशास्त्रज्ञ. स्वतःच्या रक्ताचा दुर्धर आजार बरा करायला गेला आणि रक्तपिपासू होऊन बसला. हा डॉक्टर सुईदोरा, धातूच्या पट्ट्या, यंत्रं, जे हाताशी येईल ते वापरून फ्रँकला पुन्हा उभा करतो. प्रेमापोटी नाही. या वस्तीवर शिकारी चालून येतायत आणि मॉर्बियसला लढणारा माणूस हवाय.

जरासंधाची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. दोन शकलं होऊन जन्मलेलं पोर जरा राक्षसीने उचललं आणि सांधलं. तिथेही सांधणारी रानातली, माणसांत न बसणारी. आणि तिथेही सांधलेला देह पुढे कुणाच्या तरी भांडणात कामाला आला.

‘फ्रँकनकॅसल’ हे नाव कुठून आलं? फ्रँकेन्स्टाईन हे तर डॉक्टरचं नाव ना?

बरोबर, आणि हा मुद्दा काढणारा एक जण प्रत्येक गप्पांत असतोच. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा निर्माता, त्याने घडवलेल्या जिवाला नावच नाही. लोकांनी बापाचं नाव लेकराला चिकटवलं. इथे मात्र चूक आपोआप सुधारते, कारण पात्राचं नावच मुळात फ्रँक. ही कोटी इतकी समोर होती की ती करायला कुणाला पस्तीस वर्षं लागली याचंच नवल. मालिका ११ व्या अंकापासून या कथेत शिरली आणि १७ व्या अंकापासून तिचं नावच बदलून ‘फ्रँकनकॅसल’ झालं. २१ व्या अंकात ती संपली.

मॉन्स्टरला मराठीत नक्की काय म्हणायचं?

मी राक्षस म्हणतो, पण शब्द तोकडा पडतो हे मान्य. आपल्याकडे राक्षस हे कूळ आहे, त्यांना आईबाप, राज्य, वंशावळ असते. पिशाच्च वेगळं, मुंजा वेगळा, हडळ वेगळी, आणि प्रत्येकाचा पत्ता ठरलेला: पिंपळ, विहीर, माळ. शिवून तयार केलेल्या माणसाला या यादीत खोलीच नाही. फ्रँकचीही नेमकी तीच अडचण आहे. वर मेलेला, खाली नवखा.

जिवंत झाल्यावर तो खूश होतो का?

अजिबात नाही, आणि माझ्या मते सगळी गोष्ट या एका उत्तरावर उभी आहे.

याच मालिकेत आदल्या काही अंकांत हूड नावाचा गुंड फ्रँकला आमिष दाखवतो. हूडकडे तेव्हा मेलेल्यांना उठवण्याची काळी विद्या आहे. जुने, मेलेले, दुय्यम दर्जाचे खलनायक त्याने उठवून कामाला लावलेत. तो फ्रँकची बायको आणि मुलं परत आणतो. समोर उभी करतो. ज्यांच्यासाठी हा माणूस इतकी वर्षं रक्त सांडतोय ती तीन माणसं. आणि फ्रँक काय करतो? त्या उठवलेल्यांपैकीच फायरब्रँड नावाच्या आग ओकणाऱ्या गड्याकडून त्यांना जाळून टाकतो. मेलेल्याने मेलेलंच राहावं, ही त्याची भूमिका. ती पानं वाचताना घशाला कोरड पडते, कारण बरोबर की चूक हे ठरवायला लेखक वाचकाला वेळच देत नाही.

हे झालं दहाव्या अंकात. अकराव्या अंकात त्याला स्वतःलाच उठवलेलं असतं. न विचारता.

म्हणजे जी गोष्ट त्याने स्वतःच्या लेकरांसाठी नाकारली ती एका परक्या डॉक्टरने त्याच्या गळ्यात बांधली. त्याला हवं होतं ते एकदाचं मिळालं होतं, सुटका. तीही काढून घेतली. म्हणून सुरुवातीला तो त्या वस्तीत कुणाशी बोलत नाही, कुणासाठी लढायला तयार होत नाही, गटाराच्या अंधारात एकटा जाऊन बसतो. राक्षस झाल्याचं त्याला दुःख नाहीच. जिवंत असल्याचं आहे. जे वाचक नुसतं मुखपृष्ठ बघून हसले त्यांच्या हातून हे निसटलं, असं मला वाटतं.

ही राक्षसांची टोळी कोण कोण?

‘लीजन ऑफ मॉन्स्टर्स’. मॉर्बियस, लांडगा होणारा जॅक रसेल, हजारो वर्षं जिवंत राहिलेली ममी न’कांटू, पाण्यातला मॅनफिबियन आणि दलदलीतून उठलेला, न बोलणारा मॅन-थिंग. या नावाची टोळी १९७६ मध्ये एकदा जमली होती, तेव्हा तिच्यात घोस्ट रायडर, म्हणजे पेटत्या कवटीचा मोटारसायकलस्वारही होता.

वैरी कोण?

रॉबर्ट हेल्सगार्ड. अवजड यंत्रचिलखत घातलेला राक्षसांचा शिकारी, हाताशी जपानी सैनिकांचं पथक. त्याचं पूर्वायुष्य ऐकलं की चमकायला होतं. त्याच्या कुटुंबाला लांडग्यांचा शाप लागला आणि त्याला स्वतःच्या हाताने त्यांना मारावं लागलं. तेव्हापासून जगातला प्रत्येक राक्षस संपवायचा हा ध्यास. त्यात लहान-मोठा, साधा-दुष्ट असा भेद नाही.

कुटुंब गेलं, मग एका जमातीवर युद्ध पुकारलं, मग कुणालाच सोडलं नाही. नाव बदललं तर ही फ्रँकचीच कुंडली. फरक असा की या वेळी बंदुकीच्या नळीसमोर फ्रँक उभा आहे. वस्तीतल्या दुबळ्यांची कत्तल बघून तो अखेर शस्त्र उचलतो, ते शेजाऱ्यांवरच्या मायेने कमी आणि जुन्या खोडीने जास्त. रेमेंडर हे साम्य बोट ठेवून दाखवत नाही. त्याबद्दल त्याचे आभार.

पण पनिशरच्या गोष्टीत भुतंखेतं शोभतात का? तो तर रस्त्यावरचा, खरा वाटणारा माणूस.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रागाने येतो. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवर आचारसंहिता आली. मुलं बिघडतात अशी ओरड झाली आणि प्रकाशकांनी स्वतःच नियम घालून घेतले. चालती प्रेतं, रक्तपिपासू, लांडगे-माणूस, सगळं बंद. १९७१ साली नियम सैल झाले. जुन्या अभिजात कथांच्या वळणाचे रक्तपिपासू आणि लांडगे चालतील असं ठरलं. झोंबी मात्र तरीही नको. त्यावर मार्व्हलने ‘झुव्हेंबी’ असा शब्द वापरून वेळ मारून नेली, हे आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी परिपत्रकाला शोभलं असतं.

दार उघडलं तशी रांग लागली. ऑक्टोबर १९७१ ला ‘स्पायडर-मॅन’च्या १०१ व्या अंकात मॉर्बियस. फेब्रुवारी १९७२ ला लांडगा जॅक रसेल. जानेवारी १९७३ ला मार्व्हलचा स्वतःचा फ्रँकेन्स्टाईन. त्याच वर्षी ममी. आणि फेब्रुवारी १९७४ ला, मॉर्बियस जिथे जन्मला त्याच मासिकात, २८ अंकांनंतर, पनिशर.

आता लेखकांची नावं बघा. जॅक रसेलच्या पहिल्या कथेचं लेखन जेरी कॉनवेचं. मॅन-थिंगच्या जन्मातही त्याचा हात. म्हणजे ज्याने पनिशर लिहिला त्यानेच या टोळीतल्या दोघांना जगात आणलं. एकाच टेबलावर, दोन-तीन वर्षांच्या आत. सत्तरच्या दशकातली ही सगळी भावंडं. त्यातला एक बंदुका घेऊन वास्तववादी कथांच्या घरात राहायला गेला, बाकीचे तळघरात राहिले. २००९ साली तो जिना उतरून खाली आला. त्याला परका पाहुणा म्हणणं मला पटत नाही.

बरं, वास्तववादाचं म्हणाल तर हा माणूस मुळात स्पायडर-मॅनच्या शहरात राहतो. भिंतीवर चढणारा मुलगा चालतो आणि शिवलेला माणूस खटकतो, ही आवडनिवड झाली. नियम नव्हे.

याआधी त्याचं असं काही झालं होतं का?

झालं होतं, आणि ते फसलं होतं. १९९८ मध्ये त्याला देवदूतांचा हस्तक करून परत आणलं. आत्महत्येनंतर स्वर्गाने दिलेली शस्त्रं घेऊन सैतानांना मारणारा पनिशर. चित्रं साक्षात बर्नी राइटसनची, म्हणजे ज्याने १९८३ मध्ये शेलीच्या कादंबरीला काढलेली काळीपांढरी रेखाचित्रं आजही लोक भिंग लावून बघतात तो. तरी वाचकांनी नाकारलं. २००० मध्ये गार्थ एनिस आणि स्टीव्ह डिलनने मालिका हातात घेतली तेव्हा देवदूत प्रकरण दोन-चार शब्दांत झटकून टाकलं आणि पुन्हा बंदूक दिली.

तेव्हाचं आणि आताचं यात फरक काय? देवदूत होणं ही बढती होती. वरून कुणीतरी मोठ्याने याच्या कामावर शिक्का मारला. शिवलेला राक्षस होण्यात बढती कसली, उलट घराबाहेर हाकललेलं. फ्रँकला दुसरं जास्त शोभतं.

चित्रं कशी आहेत?

बहुतेक लोक यासाठीच हे अंक हातात घेतात. मुख्य चित्रकार टोनी मूर. २००३ साली सुरू झालेल्या ‘द वॉकिंग डेड’ या झोंबींच्या मालिकेचे पहिले सहा अंक काढणारा हाच, त्यामुळे सडलेलं मांस कसं काढावं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. रेमेंडरबरोबर त्याने आधी ‘फिअर एजंट’ केलं होतं, दोघांचा हात एकमेकांना बसलेला.

मला एक अंक फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडला, पावसाने एक कोपरा फुगलेला. मुखपृष्ठ बघून वाटलं हा विनोदी विशेषांक असणार. घरी येऊन टेबललॅम्पखाली धरला आणि एका चौकटीवर थांबलो. फ्रँकचा नुसता चेहरा. कपाळावरून गालाकडे येणारा टाका सरळ नाही, वाकडा आहे. घाईत गोधडी शिवताना जाड दोरा कापड ओढून घेतो तशी कातडी दोन्ही बाजूंनी चुणलेली. राखी-हिरवट रंग. आणि या सगळ्या गोंधळात डोळे जसेच्या तसे, कंटाळलेल्या सैनिकाचे. मूरचं कसब ते. राक्षस डोळ्यांपाशी येऊन थांबतो.

मालिकेतली काही पानं डॅन ब्रेरेटनने रंगात रंगवली आहेत, ती जुन्या भयकथांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांसारखी दिसतात. रोलंड बॉशीचीही चित्रं आहेत. शैली अशी मध्येच बदलणं काहींना खुपतं. मलाही थोडं खुपलं.

डाकेनचा सूड घेतो का?

गाठतो त्याला. ‘फ्रँकनकॅसल’ आणि डाकेनची ‘डार्क वोल्व्हरिन’ या दोन मालिकांत आलटूनपालटून ती लढाई चालते. दुसऱ्या मालिकेचं लेखन डॅनियल वे आणि मार्जोरी लिऊचं. वोल्व्हरिन बाप म्हणून मध्ये पडतो. तुकडे करण्याच्या बाबतीत या वेळी फ्रँक मागे राहत नाही. पण सूड पुरा झाल्याचं समाधान हवं असेल तर ते मिळणार नाही. डाकेनची स्वतःची मालिका चालू होती, त्यामुळे त्याला मारणं शक्यच नव्हतं. मला हा भाग इतर भागांच्या मानाने पोकळ वाटला. हाणामारी भरपूर, आतलं काही नाही.

परत माणूस कसा होतो?

ब्लडस्टोनमुळे. युलिसिस ब्लडस्टोन हा मार्व्हलचा जुना राक्षस-शिकारी, त्याला अमर ठेवणारा लाल मणी म्हणजे हा ब्लडस्टोन. हेल्सगार्डलाही तोच हवा असतो. तो फ्रँकच्या अंगी लागतो आणि त्याचं शरीर भरून यायला लागतं. टाके मिटतात, कातडी पूर्ववत होते.

इथे एक छान उलटापालट आहे. शरीर जसजसं माणसाचं होत जातं तसतसं डोकं ताब्यातून सुटत जातं. मण्याने रक्ताची भूक चढते. शिवलेला, विद्रूप फ्रँक विचार करत होता. सुधारलेला, देखणा फ्रँक पिसाळलेला आहे. २१ व्या अंकात टोळी आणि युलिसिसची मुलगी एल्सा त्याला राक्षसांच्या बेटावर नेऊन तो मणी काढून घेतात. राहतो तो साधा फ्रँक कॅसल, हाडामांसाचा, पूर्वीसारखा.

तात्पुरतंच होतं, तर वाचायचं कशाला?

दशावतारात पहाटे राक्षसाचा मुखवटा उतरतो हे माहीत असूनही लोक रात्रभर बसतातच की.

कॉमिक्सचा धंदाच असा आहे की पात्र मोडतं, बदलतं, मरतं आणि मूळ जागी येतं. सुपरमॅनसुद्धा मरून परत आला. त्यामुळे ‘परत येईल का’ हा प्रश्न निरर्थक, मध्ये काय घडलं ते बघायचं. फ्रँकच्या बाबतीत मध्ये बरंच घडलं. ज्याने आयुष्यभर लोकांची ‘जगू द्यायचे’ आणि ‘मारायचे’ अशी वाटणी केली तो काही महिने मारायच्यांच्या वस्तीत राहिला. पुढच्या लेखकांनी ते फारसं वापरलं नाही, हे मात्र खरं. २०११ मध्ये ग्रेग रुका आणि मार्को केकेत्तो यांची मालिका आली ती पुन्हा गल्लीबोळातली, करड्या रंगाची.

हे अधिकृत धरायचं का?

हो. मुख्य मार्व्हल विश्वातच घडलेलं आहे, समांतर विश्वातलं नाही.

वाचक चिडले का होते?

एनिसमुळे. त्याच्या प्रौढांसाठीच्या पनिशरने काही वर्षं एक चव लावली होती: थंड, कोरडी, नरकासारखी गंभीर. तिथून आलेल्या माणसाला शिवलेला, लांब कोटातला, ममीच्या शेजारी उभा फ्रँक दाखवला तर तो चिडणारच. चिडलेल्यांतले बरेच जण मालिका संपल्यावर मऊ झाले, हे मी माझ्या ओळखीच्यांत पाहिलंय. मीही त्यातलाच. ढिगातला तो अंक मी विकत घेतला तो चेष्टा करायला.

यातलं काही पडद्यावर आलंय का?

फ्रँकनकॅसल नाही. जॉन बर्नथलचा पनिशर २०१६ पासून पडद्यावर आहे, पण सगळा गोळ्यांचा हिशेब. टोळीतले लोक मात्र वेगवेगळे येऊन गेलेत. मॉर्बियसवर २०२२ मध्ये चित्रपट निघाला, त्याबद्दल न बोललेलं बरं. त्याच वर्षी डिस्नेने लांडगा जॅक रसेलवर तासाभराची कृष्णधवल गोष्ट काढली, तिच्यात एल्सा, मॅन-थिंग आणि तो लाल मणी, सगळे आहेत. ती बघितली असेल तर या कथेतली निम्मी माणसं ओळखीची वाटतील.

त्यानंतर पुन्हा कधी बदलला का?

सवयच लागली म्हणा ना. २०१८ मध्ये एका पर्यायी भविष्यातला फ्रँक अवकाशात फिरणारा घोस्ट रायडर म्हणून आला, डोनी केट्सच्या लेखणीतून. २०२२ मध्ये जेसन ॲरनने त्याला हँड या निन्जा पंथाच्या हाती दिलं आणि त्या पंथाच्या ‘बीस्ट’ नावाच्या दैत्याच्या शक्तीचा वाहक केलं. तिथेही मारियाला जिवंत करून समोर आणलं जातं. २००९ चा दहावा अंक वाचलेला असेल तर त्या प्रसंगाची चव वेगळीच लागते.

मुलांना वाचायला द्यावं का?

राक्षस बघून मुलं हट्ट करतील, पण मुंडकं उडण्याने सुरुवात होते. दहावीच्या पुढे बघा.

कुठल्या क्रमाने वाचू?

आधी ‘डार्क रेन: द लिस्ट’मधला पनिशरचा अंक. मग ‘पनिशर’ ११ ते १६. मग ‘फ्रँकनकॅसल’ १७ आणि १८. मग १९ आणि २० ‘डार्क वोल्व्हरिन’ ८८-८९ च्या जोडीने. शेवटी २१. सगळं एकत्र बांधलेलं पुस्तकही निघालंय, ते मिळालं तर शोधाशोध वाचते.

वेळ नाही, दोनच अंक वाचायचे असतील तर?

दहावा आणि अकरावा, पाठोपाठ. दहावा या कथेत धरलाच जात नाही, त्यामुळे बरेच जण तो सोडून देतात. सोडू नका. दहाव्यात फ्रँक मारियाकडे पाठ फिरवतो. ती पाठ लक्षात ठेवा आणि मग अकरावा उघडा.